सतरावी अट: पुण्यातल्या घरमालकांना आणि करारनामे नोंदवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना खुले पत्र

स.न.वि.वि.

मी लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचे, करारनामे नोंदवून देतो. लॅपटॉप, थम्बचं, म्हणजे अंगठ्याचा ठसा घेण्याचं, मशीन आणि वेबकॅम सॅकमध्ये टाकायचा, मालकांच्या घरी जायचं, दोन्ही पक्षांचे फोटो आणि थम्ब घ्यायचे, दोन साक्षीदार उभे करायचे. अकरा महिन्यांचा करार पाऊण तासात उरकतो. भाडं आणि डिपॉझिटच्या हिशोबाने पाव टक्का मुद्रांक शुल्क, शहरात हजार रुपये नोंदणी फी, वर माझे पैसे. सहकारनगर, पर्वती, बिबवेवाडी, धनकवडी या पट्ट्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे मी येऊन गेलो आहे, तुमच्या घरचा चहा प्यालो आहे. त्या ओळखीवर हे पत्र लिहितो आहे.

तयार मसुद्यात भाडं, डिपॉझिट, वीजबिल, मेंटेनन्स, दुरुस्ती हे सगळं ओळीने आलेलं असतं. शेवटी इतर अटींसाठी जागा असते. तिथे मालक सांगतील ते आम्ही टाकतो. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, रात्री अकरानंतर पाहुणे नाहीत, गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायच्या नाहीत. बंगला असेल आणि बंगल्यात कुत्रा असेल तर आणखी एक ठरलेली अट येते: कुत्रा चावला तर मालक जबाबदार नाहीत. ही अट मी आजवर किती करारांत टाकली याची मोजदाद नाही. ज्या करारामुळे हे पत्र लिहावं लागलं, त्यात तिचा क्रमांक सतरा होता.

बंगला सहकारनगरातला. खाली मालक, निवृत्त जोडपं, मुलगा परदेशात. वरचा मजला भाड्याने. वर जायचा जिना बंगल्याच्या मागून, म्हणजे आवारातून वळसा घालून जावं लागतं. भाडेकरू तिशीतलं जोडपं, दोघंही नोकरीवाले, चार वर्षांची मुलगी. थम्ब घ्यायला गेलो तेव्हा कुत्रा गाडीखाली बांधलेला होता. जर्मन शेफर्ड, नाव ब्रूनो. साखळी फार तर चार फुटांची. आम्ही बोलत होतो तेवढा वेळ तो त्या चार फुटांत उठत-बसत होता आणि साखळी फरशीवर वाजत होती.

मालक म्हणाले, "तेवढी कुत्र्याची अट टाका हो." मी टाकली. शब्दशः अशी (लायसन्सर म्हणजे मालक, लायसन्सी म्हणजे भाडेकरू): "लायसन्सर यांच्या पाळीव श्वानामुळे लायसन्सी, त्यांचे कुटुंबीय, नोकर, पाहुणे अथवा अभ्यागत यांना कोणतीही इजा झाल्यास त्याची कोणतीही जबाबदारी लायसन्सर यांच्यावर राहणार नाही व त्याबाबत कोणताही दावा अथवा तक्रार करण्यात येणार नाही." भाडेकरूताईंनी स्क्रीनवर वाचून विचारलं, "हे कशाला?" मी म्हणालो, "फॉर्मॅलिटी आहे, सगळीकडे असतं." त्यांनी थम्ब दिला.

माझं ते वाक्य खोटं होतं असं नाही. सगळीकडे असतं हे खरंच आहे. पण त्या बाईंनी योग्य प्रश्न विचारला होता आणि मी तो पाऊण तासात काम उरकण्यासाठी बाजूला सारला. याचं मला वाईट वाटतं.

चार महिन्यांनी सकाळी पावणेसातला भाडेकरूताईंच्या यजमानांचा फोन आला. कुत्रा चावला होता. त्यांना नाही, त्यांच्या मुलीला नाही. साडेसहाला पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून गेलो.

जिन्यापाशी एक लहान लोखंडी फाटक आहे. त्याची बिजागरी खचलेली, त्यामुळे कडी खोबणीत बसतच नव्हती. कुणीतरी ती केबलच्या काळ्या वायरीने बांधून ठेवलेली. रात्री ब्रूनोला आवारात मोकळा सोडायचे आणि सकाळी मालक उठले की बांधायचे. त्या दिवशी मालकांना उठायला उशीर झाला, वायर सुटलेली होती आणि मावशी रोजच्या वेळेला आल्या. भाडेकरूंनी मला मोबाइल दाखवला. "काका, मागच्या फाटकाची कडी लागत नाहीये" असा मेसेज दोनदा गेलेला, एक जूनमध्ये, एक ऑगस्टमध्ये. दोन्हींना उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र.

मावशी खालच्या पायरीवर बसल्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, पोटरीवर दातांच्या दोन ओळी, एका जागी मांस उघडं. शेजारणीने धावत येऊन मूठभर हळद दाबली होती. भाडेकरूताई नळीने पाणी सोडून ती हळद धूत होत्या आणि अंगाच्या साबणाने जखम चोळत होत्या. त्या स्वतः औषध कंपनीत कामाला, त्यांना माहीत होतं. तुम्हालाही माहीत असावं म्हणून इथेच सांगतो. कुत्रा चावला की पहिलं काम म्हणजे वाहतं पाणी आणि साबण, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी काहीही लावायचं नाही. कातडी फाटून रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम. तिला लशीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती रेबीजचं सीरम द्यावं लागतं. लस कातडीत देतात तेव्हा दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. कुत्रा घरचा आहे, दिसायला ठणठणीत आहे म्हणून थांबायचं नाही. उपचार लगेच सुरू करायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही म्हणण्याइतका तो आजार घातक आहे.

तेवढ्यात मालक घरातून आले. हातात फाइल होती, पान उघडलेलं. आवाज चढवला नाही, सभ्य माणूस आहे. त्यांनी सतरावी अट मावशींना वाचून दाखवली, पूर्ण, "तक्रार करण्यात येणार नाही" इथपर्यंत. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, ह्यात माझं नाव कुठंय?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मसुदा माझा होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर मी एका वकीलबाईंकडे गेलो. त्या दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं भाड्याचीच प्रकरणं चालवतात. त्यांनी तासभर बसवून समजावलं. ते मी माझ्या भाषेत तुमच्यापुढे ठेवतो, कारण माझ्यासारख्या प्रत्येक एजंटाने आणि तुमच्यासारख्या प्रत्येक मालकाने हे आधीच ऐकायला हवं होतं.

मावशींचा प्रश्न म्हणजेच कायद्याचं पहिलं तत्त्व निघालं. करार दोघांत होतो आणि त्या दोघांनाच बांधतो. अटीत "नोकर, पाहुणे, अभ्यागत" असे कितीही शब्द घातले तरी त्या माणसांनी सही केलेली नाही. जी व्यक्ती हक्क सोडायला तयार झाली नाही, तिचा हक्क दुसऱ्याने तिच्या वतीने कसा सोडायचा? बंगल्याच्या आवारात सकाळपासून कोण कोण येतं ते आठवा. पेपरवाला, दूधवाला, कचरा न्यायला येणारी ताई, सिलिंडरवाला, कुरियरचा मुलगा, मीटर बघणारा. यांतल्या एकाचाही थम्ब आम्ही घेत नाही. भाडेकरूंच्या चार वर्षांच्या मुलीचाही घेत नाही, आणि घेऊन उपयोगही नाही. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १९०३ सालीच ठरवलेलं आहे. म्हणजे चावा बसण्याची शक्यता ज्यांना जास्त, त्यांच्यापुढे ही अट कागदाचा तुकडा आहे.

मग सही केलेल्या भाडेकरूचं काय? इथे आपल्याकडचे बहुतेक मालक निर्धास्त असतात, कारण सही आहे, थम्ब आहे, नोंदणी आहे. पण कराराचा कायदा १८७२ चा, आणि त्याचं कलम २३ सांगतं की सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार रद्दबातल. मद्रास उच्च न्यायालयापुढे १९६० च्या दशकात एका लाँड्रीचं प्रकरण होतं. पावतीच्या मागे छापलेलं होतं की कपडा हरवला तर किमतीच्या फक्त पंधरा टक्के मिळतील. न्यायालयाने ती अट मानली नाही. आपल्या निष्काळजीपणाने कपडा घालवायचा आणि वर पंधरा टक्के हातावर ठेवायचे, असं चालू दिलं तर धंद्यातला चोख व्यवहारच उरणार नाही, असा त्यामागचा विचार. पुढे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने, दोन पक्षांच्या ताकदीत मोठी तफावत असताना दुबळ्याच्या गळ्यात मारलेल्या जाचक अटी न्यायालय पाळायला लावणार नाही, असा निकाल दिला. तो खटला नोकरीच्या करारातला होता. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, दोन बॅगा आणि लेकरू घेऊन घर शोधणारा भाडेकरू आणि तीन दिवसांत चार गिऱ्हाईकं दाराशी असलेला मालक यांच्यात ताकदीचा तोल कुठे असतो, हे मी रोज बघतो. कपड्याच्या बाबतीत जे न्यायालयाने चालू दिलं नाही ते पोटरीच्या मांसाच्या बाबतीत चालू देईल, यावर भरवसा ठेवू नका.

आता जे ऐकून मी सर्वांत जास्त चरकलो ते सांगतो. आपण सगळे भाडेकरूला ठासून सांगतो की हे लिव्ह अँड लायसन्स आहे, भाडेपट्टा नाही, तुमचा जागेत कसलाही हक्क तयार होत नाही, ताबा कायद्याने मालकाचाच. बरोबर आहे. लायसन्सची ती व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली, कलम ५२. पण त्याच कायद्यात जरा पुढे कलम ५७ आणि ५८ आहेत. ५७ म्हणतं, जागेतला जो धोकादायक दोष मालकाला माहीत आहे आणि लायसन्सीला माहीत नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे. ५८ म्हणतं, लायसन्सीच्या अंगाला किंवा मालमत्तेला ती जागा धोक्याची होईल असं काहीही मालकाने करायचं नाही. म्हणजे ज्या कायद्यातल्या लायसन्सच्या व्याख्येवर तुम्ही निर्धास्त असता, तोच कायदा तुमच्यावर हे कर्तव्य टाकतो. ताबा आपला म्हणायचा आणि मागच्या फाटकाची कडी मात्र भाडेकरूची, हे एकत्र बसत नाही.

फौजदारी बाजू तर कराराच्या हातातच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: जनावर ज्याच्या ताब्यात आहे, त्याने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेतली नाही, आणि माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका उभा राहिला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं, दंड तेवढा एक हजार होता. मुंबईत २०१० साली एका वृद्धाला रॉटवायलर चावला, त्या प्रकरणात २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद झाली. वरळीत एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली हस्की चावला, तिथे २०२५ मध्ये चार महिन्यांची. निकालाला वर्षं लागली, पण लागला. "तक्रार करण्यात येणार नाही" असं आपण लिहून घेतो, त्याने पोलीस ठाण्याची पायरी बंद होत नाही.

आणि हे वाक्य आलं कुठून? मी आठवून पाहिलं. माझ्या आधीच्या एका एजंटाकडून मिळालेल्या इंग्रजी मसुद्यात ते होतं, आणि तो मसुदा अमेरिकन नमुन्यावरून उतरवलेला होता. "होल्ड हार्मलेस", म्हणजे जबाबदार धरणार नाही, हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी टाइप केले आहेत. वकीलबाईंनी दाखवलं की खुद्द कॅलिफोर्नियात, जिथे असे नमुने ढिगाने मिळतात, तिथल्या नागरी संहितेचं कलम १९५३ सांगतं की राहत्या घराच्या करारात मालकाचं इजा टाळण्याचं कर्तव्य भाडेकरूने सोडून दिलं, अशी अट रद्दबातल आहे. कुत्रा चावला तर त्याच्या मालकाची जबाबदारी तिथे थेट कायद्यानेच येते, कुत्रा आधी कधी चावलेला नसला तरी. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्यानुसार, धंद्यातल्या निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू किंवा शारीरिक इजा यांची जबाबदारी करारातल्या अटीने झटकता येत नाही. ज्या देशांतून हे वाक्य आलं तिथेच ते मोडीत निघालं आहे, आणि आपण ते इथे अजून शंभर रुपये जादा घेऊन टाकून देतो.

फाटकावरच्या पाटीबद्दलही बोलतो, कारण मालक लगेच म्हणतात, पाटी लावली आहे की. पुण्यात पाट्यांवर आपला फार विश्वास. "कुत्र्यापासून सावध रहा" ही पाटी चोराला सांगते, घाबर. पण न्यायालयात ती उलटू शकते. पाळीव जनावराने इजा केली की कायदा आधी विचारतो, हे जनावर अंगावर जातं हे मालकाला माहीत होतं का? पाटी तुमच्याच हस्ताक्षरात सांगते की माहीत होतं. सतरावी अटसुद्धा तेच सांगते. चावण्याची शक्यता मनातच नव्हती तर अट कशाला घातली? म्हणजे स्वतःला वाचवायला लिहिलेली ओळ स्वतःच्याच विरुद्ध पुरावा. मी ती ओळ टाइप करताना हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मालकांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. मुलं परदेशात, घरात दोनच म्हातारी माणसं, आजूबाजूला पुनर्विकासाची कामं, दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा. कुत्रा हा आधार आहे आणि सोबतही. ब्रूनोच्या मालकीणबाई त्याच्यासाठी वेगळी भाकरी थापतात, मी पाहिलं आहे. तुम्ही कुत्रा ठेवू नका असं मी कशाला म्हणेन? पण दिवसभर चार फुटांच्या साखळीला बांधलेला कुत्रा रात्री सोडला की तो राखण करत नाही, तो भडकलेला असतो. आपल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, १९६० च्या, कलम ११ मध्ये जनावर अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, दोन्ही क्रौर्यात मोडतं. ब्रूनोला बाहेर फिरवायला नेणारा मुलगा मार्चमध्ये काम सोडून गेला होता. दुसरा ठेवलाच नव्हता. चाव्याची सुरुवात मला तिथे दिसते. ब्रूनोवर माझा राग नाही.

उलटी गोष्टही असते, ती थोडक्यात. भाडेकरूचा कुत्रा आणि मालकाला काळजी की उद्या सोसायटी माझ्या नावाने नोटीस काढेल. इथे भाडेकरूकडून लिहून घेणं रास्त आहे. त्याच्या कुत्र्यामुळे तुम्हाला भुर्दंड पडला तर तो त्याने भरून द्यायचा, अशी हमी कराराच्या कायद्याच्या कलम १२४ मध्ये चोख बसते. पण ती तुमच्या दोघांतली. चावा बसलेल्या शेजाऱ्याला ती दाखवून परत पाठवता येत नाही. आणि कुत्रा धोक्याचा आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असून, काढायला लावायचा अधिकार हातात असून गप्प बसलात, तर मालक म्हणून तुमच्यावरही कर्तव्य येतं, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९७५ सालीच दिला आहे. तो आपल्याला बांधील नाही, पण त्यातलं तर्कशास्त्र साधं आहे.

सोसायट्यांच्या कमिट्यांना एवढंच सांगतो: पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी बहुमताच्या ठरावानेही घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मागच्या वर्षी बाणेरच्या एका सोसायटीत मला एक हमीपत्र टाइप करायला सांगितलं. गेटबाहेरच्या भटक्या कुत्र्यांना पोळी घालणाऱ्या एका भाडेकरू मुलीने लिहून द्यायचं की परिसरात कोणताही कुत्रा कुणालाही चावला तर जबाबदार तीच. मी नाही म्हणालो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालण्याची जागा ठरवून देण्याची व्यवस्था रहिवासी संघटनेने किंवा स्थानिक संस्थेने करायची आहे, ती करा. एकटी राहणारी मुलगी सापडली म्हणून अख्ख्या वॉर्डातले कुत्रे तिच्या नावावर चढवू नका.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगतो. भाडेकरूंनी त्यांना गाडीतून मनपाच्या रुग्णालयात नेलं. सीरम आणि पहिली लस त्याच दिवशी मिळाली, लस मोफत. बाकी काही मोफत नव्हतं. मावशींच्या पाच घरच्या पोळ्या. पहिला आठवडा पाय टेकवता येत नव्हता. दोन घरांनी दुसरी बाई ठेवली आणि तीच कायम केली. तिसरी सुई घ्यायला जाताना मी सोडलं त्यांना. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या की सुईचं काही नाही, पण त्या दोन घरांचे मिळून साडेतीन हजार गेले. ब्रूनोचं लसीकरणाचं पुस्तक मालकांना तीन दिवस सापडत नव्हतं. सापडलं तेव्हा रेबीजची शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची निघाली. मनपाचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढलेलाच नव्हता. दहा दिवस कुत्रा नीट राहिला, तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. मालकांनी सतराव्या अटीचा आधार घेऊन काही द्यायचं नाकारलं. पण एका दुपारी मालकीणबाईंनी मावशींना स्वयंपाकघराच्या दारातून बोलावून पदराखालून पाकीट दिलं आणि यांना सांगू नका म्हणाल्या. माझ्या लेखी तिथेच सिद्ध झालं की त्या घरातही अट कुणाला मनापासून पटलेली नव्हती.

म्हणून मी अट टाकणं बंद केलं आहे. तिच्या जागी मी हे टाइप करतो. तुम्हाला हवं तर उचला, माझी परवानगी लागत नाही:

"लायसन्सर यांचा कुत्रा आवारात असल्याचे लायसन्सी यांना दाखवून सांगितले आहे. कुत्र्याच्या रेबीज लसीकरणाच्या चालू नोंदीची व महापालिकेच्या परवान्याची प्रत लायसन्सी यांना दिली आहे व दर वर्षी दिली जाईल. जिन्याकडे जाणारे फाटक व त्याची कडी लायसन्सर सुस्थितीत ठेवतील. बिघाड कळवल्यापासून तीन दिवसांत दुरुस्त करतील, तोवर कुत्रा त्या भागात मोकळा सोडणार नाहीत. कुत्रा सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत जिन्याच्या वाटेवर मोकळा नसेल. वाट बंद ठेवण्याची व फाटक लावून घेण्याची काळजी लायसन्सीही घेतील. कुत्रा चावल्यास उपचाराचा खर्च व कामावर येणाऱ्या व्यक्तीची बुडालेली मजुरी लायसन्सर देतील. लायसन्सी यांच्याकडून चिथावणी झाल्याचे दिसल्यास खर्च दोघांत वाटून घेतला जाईल."

यातलं "काळजी लायसन्सीही घेतील" हे मी मुद्दाम ठेवलं आहे. फाटक उघडं टाकून जाणारे भाडेकरूही असतात. बांधलेल्या कुत्र्याला काठीने डिवचणारी मुलंही असतात. वेळा तुमच्या सोयीने बदला. खर्चाची धास्ती वाटत असेल तर काही विमा कंपन्यांच्या पाळीव कुत्र्यांच्या पॉलिसीत दुसऱ्याला झालेल्या इजेचंही संरक्षण मिळतं, ती चौकशी करा. एक-दोन मालक हे वाचून म्हणाले, "हे तर आमच्या अंगावर येतंय." मी त्यांना म्हणालो की ते आधीपासूनच तुमच्या अंगावर आहे, आता फक्त दिसतंय. एकाने दुसरा एजंट पाहिला. चालायचंच. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी कुत्र्याला लस टोचून आणली आणि पावतीचा फोटो पाठवला.

व्यवसायबंधूंनो, नोंदणी झालेला करार पुन्हा बदलता येत नाही, त्यासाठी नवा दस्त लागतो. पण तुमच्याकडे या वर्षी नूतनीकरणाला येणारे बंगल्यांचे करार असतील. त्यात ही ओळ शोधा. मालकांना फोन करा आणि विचारा, मागच्या फाटकाची कडी लागते का. पाच मिनिटं लागतील. माझ्याकडे आलेल्या जुन्या गिऱ्हाइकांचे करार मी जादा पैसे न घेता नव्या शब्दांत करून देतो आहे.

सहकारनगरच्या त्या बंगल्यात भाडेकरू अजून आहेत. करार संपायला अडीच महिने आहेत. गेल्या रविवारी भाडेकरूंनीच बोहरी आळीतून स्प्रिंगची कडी आणली, वेल्डरला बोलावून बिजागरी सरळ करून घेतली, आणि मालक खुर्ची टाकून जवळ बसून होते. एकूण खर्च सातशे रुपये, तो मालकांनी दिला. मावशी पोळ्या करायला येतात. फाटकापाशी आल्या की थांबतात, पिशवीतून मोबाइल काढून वर मिस्ड कॉल देतात, आणि ताई जिन्यावरून "या" म्हणेपर्यंत आत पाऊल टाकत नाहीत.

कळावे.

आपला,
करारनामे नोंदवणारा एक एजंट
सहकारनगर, पुणे